आत्याने काशीत काय सोडलं

काशीला गेलं की आवडीचा एखादा पदार्थ कायमचा सोडून यायचा, अशी आपल्याकडची रीत. रीत कडक आहे, पण माणसं तिच्याहून हुशार. आमच्या नात्यात जे जे काशी करून आले त्यांनी कारलं, घोसाळं, फार तर दुधी सोडला. आंबा सोडलेला मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. लंगड्याच्या गावात जाऊन तशी अपेक्षा करणंही बरं नव्हे म्हणा.

आमच्या आत्याने निघण्याआधीच जाहीर केलं, "मी परकं काहीतरी सोडणार. आपलं कशाला सोडायचं?" आणि परकं कोणतं ते शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात पुस्तकं वाचणारा मी. ब्रह्माघाटावरच्या ज्या मराठी घरात आम्ही उतरलो होतो, तिथल्या माडीवर संध्याकाळी यादी सुरू झाली.

बटाटा? माल दक्षिण अमेरिकेचा, नाव पोर्तुगीजांनी आणलेलं. "तो नको. उपासाला लागतो." मिरची? तीही अमेरिकेची. "मिरची सोडून काय दूधभात खाऊ?" शेंगदाणे, टोमॅटो, काजू, सगळे त्याच बोटीने आलेले. आत्याचा चेहरा उतरत चालला, तसा मला चेव आला आणि मी साबुदाण्याची खिचडी हातात घेतली.

साबुदाणा ज्या कंदाचा तो ब्राझीलकडचा. नावातला 'साबु' मलायातल्या सागूचा. दुसऱ्या महायुद्धात तिकडची आवक थांबली तेव्हा सेलमच्या बाजूला त्याचे कारखाने निघाले. जिरं पश्चिम आशियातून आलेलं. सैंधव खेवड्याच्या खाणीतलं, म्हणजे आता पाकिस्तानातलं. उरलं तूप. आणि या पंक्तीतून आपण उठवलं कोणाला? हळदीला आणि तुरीच्या डाळीला, म्हणजे घरच्यांना! चातुर्मासात वांग्यालाही बंदी, जे बिचारं पूर्वापार इथलं. हिंग तेवढा अफगाणी, तो बाहेर बसला हे नियमाला धरून झालं. एकादशीइतका आंतरराष्ट्रीय दिवस आपल्या पंचांगात दुसरा नाही.

"मग गागाभट्ट एकादशीला काय खात होते?" आत्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. पैठणहून काशीत येऊन राहिलेल्या भट्ट घराण्यातले, 1674 साली रायगडावर जाऊन महाराजांना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट उपास तर करतच असणार.

"साबुदाण्याची खिचडी खात नव्हते, एवढं नक्की," मी म्हणालो.

"तरीच एवढं लिहून झालं त्यांच्याकडून. आम्ही खिचडी खाऊन झोपतो."

शेवटी गंगेच्या साक्षीने तिने ब्रोकोली सोडली. जन्मात खाल्लेली नव्हती, त्यामुळे व्रत मोडायची भीती नाही.

मन असं मोकळं झाल्यावर सकाळी ती कचोरी-जिलबी खायला निघाली. ठठेरी बाजाराच्या बाजूची अरुंद गल्ली, कढईपुढे माणसांचा वेढा, त्यातून वाट काढत निघालेला एक बैल. दुकानदार पाकातून जिलब्या झाऱ्याने उचलत होता. आत्याला एकदम शिरा खायची हुक्की आली.

"भैया, शिरा है क्या? गरम?"

"काहे नहीं माताजी, एकदम गरम." त्याने मातीचा पुरवा उचलला, जिलबीच्या कढईत बुडवला आणि काठोकाठ पिवळाधमक पाक आत्याच्या हातात दिला. आत्याने आधी पुरव्यात पाहिलं, मग माझ्याकडे. "अरे, रवा कुठाय?"

शीरा म्हणजे फारसीत आणि हिंदीतही पाकच. आपण त्यात रवा घातला, तूप घातलं, वर केळं कुस्करलं आणि सत्यनारायणापुढे ठेवला. त्या पोथीतला पहिला निर्धन ब्राह्मण काशीचाच. त्याने इथल्या हलवायाकडे शिरा मागितला असता तर कथा तिथेच चिकटून बसली असती. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकूंना विचारलं तर त्या हसल्या, "घरात शिरा, गल्लीत सूजी का हलवा." "निदान हलवा तरी आपला ना?" आत्या म्हणाली. मी कचोरीत तोंड घातलं. हलवा अरबी.

जिलबीचं काही विचारू नका. ती अरबांची झलाबिया. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोडे यांनी 1943 साली तिच्या इतिहासावर लेख लिहिला. 1450च्या सुमारास रचलेल्या एका जैन कथेत ती त्यांना सापडली. म्हणजे पाचशेहून अधिक वर्षं ती आपल्या पानात आहे. कुळकायदा लावला तरी मालकीण ठरेल. आणि ज्या टोमॅटो चाटसाठी लोक इथे रांगा लावतात, तिच्यावरही शेवटी जिऱ्याचा तोच शीरा ओततात.

पण माझं मन जडलं ते तिरंगी बर्फीवर. स्वातंत्र्याच्या चळवळीत बनारसच्या हलवायांनी ही काढली असं सांगतात. 2024 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. इंग्रजांच्या नाकावर टिच्चून केलेली मिठाई. तिचं नाव फारसी 'बर्फ'वरून. हिरवा रंग पिस्त्याचा, तोही इराणकडचा. पांढऱ्यात खव्याबरोबर काजू, जो पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. इंग्रजांविरुद्ध एवढी मोठी आघाडी चळवळीतसुद्धा कुणाला बांधता आली नव्हती. आत्याने चार तुकडे खाल्ले आणि कोणता रंग कुठला हे मला सांगू दिलं नाही.

तुम्ही हिवाळ्यात काशीला गेलात तर प्रयागहून आलेले पेरू हातगाड्यांवर दिसतील, काही आतून गुलाबी. तिथे पेरू म्हटलं तर कळणार नाही, अमरूद म्हणा. फारसीत अमरूद म्हणजे नासपती. आपला पेरू ज्यावरून आला तो पोर्तुगीज 'पेरा', तोही नासपतीच. दोघांनी एकाच अमेरिकन फळाला तीच चूक करून नाव ठेवलं. भांडायला जागा नाही. काळं मीठ लावून घ्या.