वरातीमागून क्षेपणास्त्र

16 ऑगस्ट 2014. मुंबईच्या नौदल गोदीत ‘आयएनएस कोलकाता’ पंतप्रधानांच्या हस्ते नौदलात दाखल झाली. बँड, सलामी, भाषण, पहिल्या पानावर फोटो, सगळं रीतसर. माझगावला बांधलेली विनाशिका, उंच डोलकाठीच्या चारही अंगांना इस्रायली एमएफ-स्टार रडार, डेकखाली उभी 32 नळकांडी. त्यांत घालायची बराक-8 क्षेपणास्त्रं तेवढी यायची होती! कोलकातावरून पहिलं बराक-8 उडालं डिसेंबर 2015 च्या अखेरीस. तोवर देशातली सगळ्यात तीक्ष्ण नजरेची युद्धनौका शत्रूचं विमान शेकडो किलोमीटरवरून नुसतं बघू शकत होती. जवळून गोळ्यांचा पाऊस पाडणाऱ्या तोफा होत्या म्हणा, पण त्यांचा पल्ला गेटवेपासून घारापुरीपर्यंतही जात नाही.

विक्रमादित्यची गोष्ट त्याहून भारी. 2013 मध्ये एवढी थोरली विमानवाहू नौका रशियातून निघाली, तीही हवाई संरक्षणाच्या क्षेपणास्त्राविना. पुढे निवृत्त ‘गोदावरी’ नौकेवरची जुनी बराक-1 यंत्रणा काढून तिच्यावर चढवली. नौदलात काहीच वाया जात नाही.

या बराक-1 ची कुंडलीही बघण्यासारखी. देशी त्रिशूळ क्षेपणास्त्र जमेना म्हणून 2000 मध्ये त्याचा सौदा झाला. 2006 मध्ये सीबीआयने या सौद्यावरून गुन्हा नोंदवला आणि 2013 मध्ये, पुरावा मिळत नाही म्हणून, फाईल मिटवली. क्षेपणास्त्राचा पल्ला दहाएक किलोमीटर, चौकशीचा सात वर्षं.

आता नव्या रडारबद्दल, कारण ते खरोखर कौतुकाचं आहे. जुनं रडार गरगर फिरतं. एका फेरीला चार-पाच सेकंद लागले, तर तेवढा वेळ मागच्या बाजूला काय चाललंय ते त्याला कळत नाही. समुद्राला चिकटून येणारं क्षेपणास्त्र तर पृथ्वीच्या गोलाईमुळे 25-30 किलोमीटरवर आल्याशिवाय दिसतच नाही. ते ब्रह्मोसच्या वेगाचं असेल, तर हातात उरतं अर्धं मिनिट. त्यातले चार-पाच सेकंद फेरीत घालवायचे? हे नवं फेज्ड अ‍ॅरे रडार फिरतच नाही. हजारो छोटे घटक लहरी अगदी किंचित मागेपुढे सोडतात आणि झोत डोळ्याचं पातं लवायच्या आत हव्या त्या दिशेला वळतो. एकाच वेळी अनेक लक्ष्यांचा माग काढायचा आणि स्वतः सोडलेल्या क्षेपणास्त्राला वाटेत ‘तो आता इथे आहे’ असं कळवतही राहायचं, ही दोन्ही कामं ते करतं. अखेरच्या टप्प्यात बराक-8 नाकातला स्वतःचा शोधक चालू करतं. जुन्या रशियन श्टिल क्षेपणास्त्रासाठी जहाजाला शेवटपर्यंत लक्ष्यावर झोत धरून बसावं लागायचं. झोत टाकणारी यंत्रं जितकी, त्या मापातच लढाई. पल्लाही बराक-1 च्या दहावरून सत्तर किलोमीटरच्या घरात गेला. (एवढं असूनही कोलकातावर लांबचं बघायला एक फिरणारं रडार ठेवलंच आहे. फ्रिज आला तरी माठ कोण टाकतो?)

पण यंत्र कितीही शहाणं असलं तरी ते चालू असावं लागतं. 2006 मध्ये लेबनॉनच्या किनाऱ्यासमोर इस्रायलच्या हनित नौकेवर क्षेपणास्त्र आदळलं आणि चार नौसैनिक गेले. नौकेवर बराक होतं. सज्ज ठेवलेलं नव्हतं, कारण समोरच्याकडे असलं काही असेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. बराक बनवणाऱ्यांच्याच घरची ही कथा.

आपली अडचण वेगळी आहे. आपल्याकडे नजर आली, हत्यारही आलं. एप्रिल 2025 मध्ये ‘सुरत’ विनाशिकेने समुद्राला चिकटून येणारं लक्ष्य टिपून दाखवलं. प्रश्न मोजणीचा आहे. कोलकातावर 32, विशाखापट्टणमवर 32, सुरतवरही 32. खात्रीसाठी एकेका लक्ष्यावर दोन-दोन सोडली की सोळा हल्ल्यांत भाता रिकामा, आणि भर समुद्रात तो पुन्हा भरता येत नाही. बंदर गाठावं लागतं. चीनच्या 052डी विनाशिकेवर 64 नळकांडी आहेत. अमेरिकेच्या आर्ली बर्कवर नव्वद किंवा त्याहून अधिक. त्यांत इतर अस्त्रंही भरतात हे मान्य. आपली 16 ब्रह्मोस वेगळी आहेत, तीही धरा. बेरीज 48.

तेव्हा पुढची विनाशिका दाखल होईल, त्या दिवशी बातमीत लांबी येईल, वजन येईल, स्वदेशीची टक्केवारी तर ठळक अक्षरांत येईल. तुम्ही एवढंच शोधा: क्षेपणास्त्रं किती, आणि ती आत भरलेली आहेत का.