दोरीवर मास्क वाळत घालणाऱ्यांस अनावृत पत्र

सर्व काटकसरी, स्वच्छताप्रिय आणि मास्क-धुलाईनिपुण कुटुंबप्रमुखांस,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, करोनाच्या साथीत, 2020 आणि 2021 या दोन वर्षांत आपण निळ्या सर्जिकल मास्कची जी सेवा केलीत, तिची म्हणावी तशी दखल कोणी घेतली नाही. घरात आल्या आल्या मास्क साबणाच्या पाण्यात बुडवायचा, चोळायचा, पिळायचा, दोन चिमट्यांत धरून गॅलरीतल्या दोरीवर टांगायचा आणि सकाळी तोंडाला लावण्याआधी आतून-बाहेरून सॅनिटायझरचा फवारा मारायचा. चार रुपयांच्या वस्तूची एवढी बडदास्त क्वचितच कोणी ठेवली असेल. खोक्यावर 'एकदाच वापरा' असे छापलेले असूनही आपण बधला नाहीत, हेही कौतुकास्पद. वापरून फेकायचा मास्क पुन्हा वापरता येतो, हा आपला निष्कर्ष मुळात बरोबरच होता. अडचण एवढीच की, ज्या गुणामुळे तो पुन्हा वापरण्याच्या लायकीचा राहतो, नेमका तोच गुण आपण रोज न चुकता मोरीत सोडून देत होतात.

हा मास्क दिसतो कापडासारखा, पण तो विणलेला नसतो. त्याला तीन थर असतात. बाहेरचा आणि आतला थर पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकच्या जाडसर तंतूंचा. त्यांचे काम आकार धरून ठेवणे आणि ओल थोपवणे. खरा मास्क म्हणजे मधला पांढरा थर, ज्याला या धंद्यात मेल्टब्लोन म्हणतात. जुना मास्क कडेने कापून थर सुटे केलेत तर हा थर हाताला मऊ लागेल आणि जरा ओढला तरी फाटेल. त्याचे तंतू जेमतेम काही मायक्रॉनचे असतात. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो. तरीही या तंतूंमधल्या फटी विषाणूपेक्षा कितीतरी मोठ्या, कारण विषाणू असतो सुमारे 0.1 मायक्रॉनचा. 'मग मास्कमधून विषाणू आरपार जाणारच' असे छातीठोकपणे सांगणारे आपल्याच इमारतीत भेटले असतील. त्यांचा हिशेब चुकतो, कारण हा थर कण गाळून अडवत नाही, ओढून धरतो. कारखान्यातच उच्च दाबाच्या विजेने त्याच्या तंतूंवर स्थिर विद्युतभार बसवलेला असतो. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, तसे हे तंतू जवळून जाणाऱ्या कणांना खेचून चिकटवून टाकतात. अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठात पीटर साय यांनी 1990च्या दशकात हे तंत्र विकसित केले. एन-95 मास्क इतका अडवूनही श्वास घेऊ देतो, तो याच विद्युतभाराच्या जोरावर.

आता आपल्या बादलीकडे वळू. पॉलिप्रोपिलीन साध्या पाण्याने सहसा भिजत नाही. साबण आणि अल्कोहोल मात्र त्याला भिजवतात, आणि तंतू भिजले की त्यांच्यावरचा भार ओसरू लागतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये मेल्टब्लोन कापडावर वेगवेगळे उपाय करून पाहिले. अल्कोहोल लावून वाळवल्यावर 95 टक्क्यांच्या वर असलेली अडवण्याची क्षमता 56 टक्क्यांच्या आसपास आली. क्लोरीनच्या द्रावणाने ती 73 टक्क्यांवर उतरली. गंमत अशी की यातले काहीच डोळ्यांना दिसत नाही. मास्क तसाच निळा, तशाच घड्या, वर लिंबाच्या सॅनिटायझरचा ताजा वास. विषाणूचा बंदोबस्त करायला निघालेला माणूस मास्कच्याच हात धुऊन मागे लागतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

मग करायचे काय? आपल्याला हे उत्तर पचनी पडणार नाही याची कल्पना आहे, तरी सांगतो: काहीही करायचे नाही. मास्क कागदी पाकिटात ठेवून द्यायचा आणि वाट पाहायची. विषाणू म्हणजे जिवाणू नव्हे. जिवंत पेशी मिळाली नाही तर तो वाढत नाही, हळूहळू निकामी होत जातो. मार्च 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्लास्टिकवर करोनाचा विषाणू 72 तासांपर्यंत तग धरून असल्याचे आढळले. पुढच्याच महिन्यात हाँगकाँगच्या संशोधकांनी थेट सर्जिकल मास्कवरच तो टाकून पाहिला. बाहेरच्या बाजूवर सातव्या दिवशीही तो सापडला, म्हणून तेव्हा बराच गहजब झाला. पण सापडला तो मूळच्या सुमारे हजारातला एक भाग, तोही 22 अंशांच्या प्रयोगशाळेत, मुद्दाम टाकलेल्या थेंबातून. तेव्हा आठवड्याचे सात वार, सात मास्क, सात पाकिटे. सोमवारचा मास्क पुढच्या सोमवारीच बाहेर काढायचा, आणि तेव्हाही हात लावायचा तो कानाच्या दोऱ्यांनाच. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने तुटवड्याच्या काळात डॉक्टर-परिचारिकांना सुचवलेला एक मार्ग याच जातीचा होता: प्रत्येकाला पाच एन-95, रोज एक, आणि दोन वापरांमध्ये किमान पाच दिवसांची विश्रांती. पाकीट कागदीच हवे. प्लास्टिकच्या पिशवीत श्वासाची ओल कोंडते आणि मग खरोखरच काहीतरी वाढू लागते. कागदी पाकिटांची तर ददात नव्हतीच. एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्रात लग्नाला 25 माणसांची मर्यादा आली आणि आहेराची पाकिटे घरोघरी नुसती पडून राहिली.

'पण धुतल्याशिवाय घाण कशी जाणार?' हा आपला पहिला आक्षेप असणार, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. घाम, थुंकी, चेहऱ्यावरचे तेल आणि तोंडातले जिवाणू पाकिटात ठेवून नाहीसे होत नाहीत. म्हणूनच तर पुन्हा वापरण्याला मर्यादा आहे. दिवसभर बाजारात भाजी विकून ओला झालेला, शिंकेने भरलेला, पावसात भिजलेला किंवा दोरी सुटलेला मास्क पाकिटात जात नाही, कचऱ्यात जातो. घरात आजारी माणसाची शुश्रूषा करताना घातलेलाही तसाच. तासभर बँकेत किंवा अर्धा तास बसमध्ये घातलेला, कोरडा आणि धड राहिलेला मास्क ही वेगळी गोष्ट. त्यावर जी काही घाण असते ती बहुतेक आपलीच असते, म्हणून एकाचा मास्क दुसऱ्याने घालू नये, मग तो कितीही जवळचा असो. दिवसभर हनुवटीवर ठेवून साहेब दिसले की वर चढवला जाणारा मास्क धुवावा की ठेवावा, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. तो मुळात वापरलेलाच नसतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे, आणि तो आपल्या बाजूचा असल्याने मीच मांडतो. बांगलादेशात नोव्हेंबर 2020 ते एप्रिल 2021 या काळात सुमारे 600 गावांत मास्कचा मोठा प्रयोग झाला. त्या संशोधकांनी सर्जिकल मास्क वडीच्या साबणाने आणि पाण्याने दहा वेळा धुऊन तपासला. नवा मास्क 95 टक्के कण अडवत होता, दहा धुण्यांनंतरही 76 टक्के अडवत होता; त्यांचा कापडी मास्क अडवत होता 37 टक्के. म्हणजे आपला दोरीवरचा मास्क अगदीच मेला नव्हता! मान्य. पण मास्कचा हिशेब तो किती अडवतो यापेक्षा किती सोडतो यावर मांडून पाहा. नव्यातून शंभरातले पाच कण आत येत होते, धुतलेल्यातून चोवीस. साबण-पाणी घालून, चोळून, वाळवून आपण दार जवळपास पाचपट उघडत होतो, आणि ते न उघडण्यासाठी लागत होते एक कागदी पाकीट. ज्याच्याकडे सात मास्क नाहीत आणि कापडाखेरीज दुसरे काही नाही, त्याने धुतलेला सर्जिकल मास्क खुशाल वापरावा. कापडापेक्षा तो उजवाच. आपल्याकडे मात्र फडताळात उरलेले पन्नासाचे खोके होते.

एन-95 च्या बाबतीत ही सवलतही नाही. तो घ्यायचा तोच 95 टक्के कण अडवण्यासाठी, आणि त्यात चेहऱ्याला घट्ट बसणे हा निम्मा कारभार. दोऱ्या ताणून ताणून सैल होतात, नाकावरची पट्टी वाकून वाकून मऊ पडते, आणि मग हवा गाळणीतून न जाता गालाच्या कडेने जाते. म्हणूनच, उत्पादकाने काही सांगितले नसेल तर पाचापेक्षा जास्त वेळा तो चढवू नये, असा सीडीसीचा सल्ला होता. यावर कोणी म्हणेल, 'रुग्णालयात एकदा वापरून फेकतात, मग आम्हाला हे का सांगता? आमचा जीव स्वस्त आहे का?' रुग्णालयात फेकतात ते एका रुग्णाचा जंतू दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून. वॉर्डातल्या मास्कवर जेवढा विषाणू बसतो, तेवढा आपल्या किराणा दुकानाच्या फेरीत बसत नाही. शिवाय मास्क मिळेनासे झाले तेव्हा रुग्णालयांनीही पुन्हा वापरलेच. मार्च 2020 च्या अखेरीस अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेने एन-95 निर्जंतुक करण्याच्या यंत्रणेला आणीबाणीची परवानगी दिली. एकेक मास्क वीस वेळांपर्यंत चालवण्याची मुभा त्यात होती. 2021 मध्ये पुरवठा सुधारला आणि ती मागे घेतली गेली. बदलला तो मास्क नव्हे, बाजारातला साठा. आणि बघा, त्या यंत्रातही साबण नव्हता.

राहता राहिला पैशाचा मुद्दा, जो आपल्या सगळ्या धुलाईच्या मुळाशी आहे. मार्च 2020 मध्ये केंद्राने तीन थरांच्या मास्कला दहा रुपयांची मर्यादा घातली, तेव्हा धुण्याला काही अर्थ तरी होता. ऑक्टोबर 2020 मध्ये महाराष्ट्र सरकारने तोच मास्क चार रुपयांवर आणला आणि एन-95 ला 19 ते 49 रुपयांचे दर ठरवले. त्या दराने सात वारांचे सात सर्जिकल मास्क म्हणजे 28 रुपये. मुंबईत विनामास्क सापडल्यास महापालिका 200 रुपये घेत असे आणि वर एक मास्क फुकट देत असे. त्या हिशेबानेही 28 रुपये परवडत होते. फवाऱ्याने संपलेल्या सॅनिटायझरचा खर्च आपण कधी जमेस धरला होता का, एवढे मात्र विचारून ठेवतो.

शेवटी टाकायची वेळ येते, तिथेही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांगितले ते जवळपास हेच: वापरलेला मास्क कागदी पिशवीत किमान 72 तास ठेवा, मग कापून कचऱ्यात टाका. कापायचे का? एप्रिल 2021 मध्ये जळगावजवळच्या कुसुंब्यात पोलिसांनी एका कारखान्यावर छापा घातला. तिथे कापसाऐवजी वापरलेले मास्क भरून गाद्या तयार होत होत्या. पुन्हा वापराची ही कल्पना आपल्याही पुढची. ते मास्क कोणाकोणाचे होते हे कळायला मार्ग नाही. धुतलेले होते की नाही, तेही नाही. तेव्हा कानाच्या दोऱ्या कापा, मधोमध एक काप द्या, आणि मगच सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाका.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मास्कचा एक हितचिंतक

ता. क. : धुतल्यावर घड्या नीट बसाव्यात म्हणून काही घरांत मास्कला इस्त्रीही होत असे, असे कळते. पॉलिप्रोपिलीन साधारण 160 अंशांना वितळते आणि सुती कपड्यांसाठी लावलेली इस्त्री 200 च्या आसपास जाते. नंतर इस्त्रीच्या तळाला जो निळा डाग बसतो, तो सॅनिटायझरने जात नाही.