गुडघा तिचा, वाकायचं तुम्ही

(बेळगाव सीमाभागातील खानापूर तालुक्यातल्या ज्येष्ठ नवरे मंडळींसाठी मार्गदर्शक सूचना)

ज्यांच्या घरी गुडघा बदलायचं ऑपरेशन ठरलं आहे, किंवा ठरता ठरता दहा वर्षं गेली आहेत, अशा समस्त नवरोबांनी या सूचना वाचून फ्रीजवर चिकटवाव्यात. चहा करता येणं ही किमान पात्रता आहे. ती नसल्यास आधी सूचना क्र. ३ वाचावी.

१. तारीख. ती म्हणेल, आधी लावणी होऊ दे. मग गणपती, मग सुगी, मग लेकीचं बाळंतपण. तुम्ही दर वेळी समजूतदारपणे मान हलवता, कारण तोवर जेवण वेळेवर मिळतं. सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात २००४ पासून पडून आहे. झिजलेल्या गुडघ्याला तारखांवर तारखा देऊ नयेत.

पैशांची सबब चालणार नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला आणि दीड लाखाच्या घरातला कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी इतक्यावर आला. (खोलीचं भाडं नि डॉक्टरांची फी वेगळी, हे मुलाला आधीच सांगून ठेवावं.) वयाचीही सबब नको. वाजपेयींनी पंचाहत्तरी उलटल्यावर, पंतप्रधान असताना, २००० आणि २००१ मध्ये ब्रीच कँडीत एकेक करून दोन्ही गुडघे बदलून घेतले. देश चालला, तुमचं स्वयंपाकघरही चालेल.

२. घर. कौलारू घराचा उंबरा आजोबांनी वॉकरचा विचार करून बांधलेला नसतो. तिथं फळीचा उतार करून घ्यावा. परसातलं शेवाळ खरवडावं. आपल्याकडच्या पावसात ते पुन्हा येतं, म्हणून पुन्हा खरवडावं. संडासात कमोड आणि धरायला दांडी हवी. पाहुण्यांसाठी राखलेली हाताची उंच खुर्ची आता तिची. त्या खुर्चीत बसून पेपर वाचायची तुमची सवय मोडल्यास तो उपचाराचाच भाग समजावा.

३. स्वयंपाकघर. इथं बरेच उमेदवार नापास होतात. “अगं, मोहरी कुठं आहे?” हा प्रश्न दिवसातून एकदाच विचारावा. दुसऱ्यांदा विचारल्यास ती वॉकर घेऊन स्वतः दाखवायला येईल आणि डॉक्टरांसमोर खुलासा तुम्हाला द्यावा लागेल. भाकरी थापायचं धाडस पहिल्या आठवड्यात नको. भात, आमटी नि पापड एवढ्यावर माणसं जगतात. आल्यागेल्याला “हल्ली सगळं मीच बघतो” असं सांगू नये. ती चाळीस वर्षं सगळं बघत होती. तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं.

४. व्यायाम. बेळगावच्या दवाखान्यात बहुधा दुसऱ्याच दिवशी तिला उभं करून चालवतील. “एवढ्यात कशाला?” असं तुम्ही म्हणू नये. घरी आल्यावर गुडघ्याखाली उशी देऊन ‘आराम’ देऊ नये. पाय वाकलेलाच राहतो, सरळ होत नाही. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी द्यावी. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. काठी आली की ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात.

मोजणीबाबत विशेष सूचना: सीमाप्रश्नासाठी निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत पहिल्या रांगेत चालणाऱ्यांनीही घरात ‘ओंदु, एरडु, मूरु’ असंच मोजावं. कन्नडमध्ये मोजलं की दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट बाईच समोर उभ्या आहेत असं वाटून ती शेवटपर्यंत पाय वाकवते. मराठीत मोजलं की नवरा मोजतोय हे तिच्या लक्षात येतं.

५. भेटायला येणारे. यांचे दोन प्रकार. पहिला, “आमच्या मावशीचं ऑपरेशन फेल गेलं वो” असं सांगणारा. त्याला ओसरीवरच चहा देऊन पावसापाण्याकडे वळवावं. दुसरा, बेळगावहून कुंदा आणणारा. साखर वाढली की जखम भरायला वेळ लागतो, तेव्हा तिला मधुमेह असेल तर डबा दारातच ताब्यात घ्यावा. तो संपवण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही, हेही इथं स्पष्ट केलं जात आहे.

६. रात्र. दिवसा शहाण्यासारखा वागलेला गुडघा रात्री दोनला ठणकतो. गोळी लिहून दिलेल्या वेळेला द्यावी, बर्फ कापडात गुंडाळून लावावा आणि “मलाही झोप नाही” हे वाक्य गिळावं. “कशाला केलं हे ऑपरेशन,” असं ती म्हणेल. त्यावर उत्तर देऊ नये. नुसतं जागं राहावं.

एक सूचना मात्र थट्टेची नाही. पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला, जखमेतून पाणी येऊ लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर फोन करत बसू नये. तडक दवाखाना गाठावा.

७. नंतर. काही महिन्यांनी ती न लंगडता फाटकापर्यंत जाईल, मग बाजारात, मग बसस्टँडवर. कर्नाटकातल्या बायकांना जून २०२३ पासून राज्यातल्या साध्या सरकारी बसमध्ये तिकीट पडत नाही, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे; अडलं होतं ते बसच्या पायरीवर. आता कणकुंबीची माउली, सौंदत्तीची यल्लम्मा, धारवाडची नणंद अशी यादी बाहेर निघेल आणि पिशव्या धरायला तुम्ही सोबत असाल. पुरुषांना तिकीट आहे. नवा गुडघा साधारण पंधरा-वीस वर्षं टिकतो. तेवढ्या तिकिटांची तरतूद नवरोबांनी आपल्या पेन्शनमधून करावी.