अडीचशे अँपिअरवाल्या शेठना खुले पत्र

रा. रा. शेठ यांस,


गेल्या वैशाखात मी तुमच्या दुकानाची पायरी चढलो, तेव्हा तुम्ही उठून स्टूल पुढे केलंत, चहा मागवलात आणि मला ‘मास्तर’ म्हणालात. त्या आदरातिथ्याचे आभार आधी मानतो, कारण पुढे मानायचे आभार पुष्कळ आहेत.

माझी गरज तुम्ही शांतपणे ऐकून घेतलीत. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी चिपळुणात शिरली, तेव्हा आमच्या अप्पांनी १९८४ साली घेतलेली पद्मिनी मोटार काचांच्या वरपर्यंत पाण्यात गेली. गाळ काढला, इंजिन खोललं, पण पायाखालचा पत्रा पावसाळ्यागणिक कुजत गेला. शेवटी क्लच दाबताना खालचा रस्ता दिसायला लागला. तेवढा पत्रा घरच्या पडवीत, रविवारच्या रविवारी, आपल्या हातानं बदलायचा होता. हे ऐकून तुम्ही काउंटरवर वेल्डिंगचं मशीन ठेवलंत. खोक्यावर तांबड्या आकड्यांत २५०. ‘ट्रकची चासी जोडाल, मास्तर!’ सात हजार दोनशे रुपये रोख. पद्मिनीसाठी आलेल्या माणसाला तुम्ही ट्रकचा मान दिलात.

त्या २५० नं मला पुन्हा गणिताला बसवलं, म्हणून तुमचा ऋणी आहे. रॉडच्या वेल्डिंगला किती व्होल्ट धरायचे, याचं ठरलेलं सूत्र आहे: करंटला ०.०४ नं गुणा आणि २० मिळवा. २५० अँपिअरला ३० व्होल्ट. म्हणजे साडेसात किलोवॉट, तेही नुसते रॉडच्या टोकाला. मशीन स्वतः खाईल ते वेगळं. आणि आमच्या घरातलं १६ अँपिअरचं सॉकेट २३० व्होल्टला देतं ३.६८ किलोवॉट. हिशेब कसाही फिरवा, एमसीबी न पाडता रॉडपर्यंत पोचतात शंभरेक अँपिअर. उरलेले दीडशे तुम्ही खोक्यावर दिलेत. पैसे मात्र सगळ्यांचे घेतलेत.

मशीनच्या पाठीवर ‘ड्युटी सायकल ६०%’ असंही लिहिलेलं होतं. दहा मिनिटांपैकी सहा मिनिटं सलग काम, असा त्याचा अर्थ. पण किती करंटला? ते लिहायला तिथे जागा उरली नसावी. करंट दुप्पट केला की आतली उष्णता चौपट होते, म्हणून अँपिअरशिवाय या टक्क्याला काडीचा अर्थ नाही. आयईसी ६०९७४-१ या मानकात हे मोजमाप ४० अंशांच्या हवेत करायचं असतं. तुमच्या मशीनवर तापमानही नव्हतं. पडवीत मी १०० वर लावलं, तर दुसरं मिनिट संपायच्या आत मशीन तापल्याचा पिवळा दिवा. मग पंखा घरघरत राहायचा आणि मी दिवा विझायची वाट बघत बसायचो. इतका निवांत रविवार मला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता, शेठ.

पण खरे आभार पत्र्याबद्दल. गाडीचा पत्रा जेमतेम पाऊण ते एक मिलिमीटर जाड. तुम्ही दिलेला रॉड अडीच मिलिमीटरचा, आणि तो धड पेटून राहायला साठेक अँपिअर तरी लागतात. पत्र्यापेक्षा रॉड जाड! नवा तुकडा भोकावर बसवला, रॉड टेकवला. आधी तो चिकटला. झटका देऊन सोडवला, पुन्हा टेकवला, तर पत्र्यावर चार आण्याएवढा लाल ठिपका उमटला, क्षणभर थरथरला आणि टपकन खाली गळाला. त्याच्या जागी अंगणातलं ऊन दिसलं. शेजारी पुन्हा टेकवलं, पुन्हा तेच. चार इंचांत सात भोकं. पुरानं जेवढा पत्रा खाल्ला नव्हता, तेवढा मी एका दुपारी जाळला. आणि तो अप्पांच्या गाडीचा होता.

गॉगल तुम्ही फुकट दिलात. या उदारपणाची आठवण मला त्याच रात्री दोन वाजता झाली. पापण्यांखाली कुणी वाळू भरली असावी तसं झालं, पाणी थांबेना, दिवा सहन होईना. सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, बुबुळ भाजलंय. तो गॉगल गॅसकामाचा, पाच नंबरच्या काचेचा निघाला. आर्कला दहा-अकरा नंबरची काच लागते आणि तीसुद्धा सगळा चेहरा झाकणाऱ्या शिल्डमध्ये. तुम्ही रोज ही काच विकता. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं असं मी कसं म्हणू?

केबलचंही कौतुक राहायला नको. ब्लेडनं साल काढली, तार वरून तांब्याची. तीच तार खरवडली, तर आत पांढरं ॲल्युमिनियम.

मी मशीन परत घेऊन आलो, तेव्हा तुम्ही जरासुद्धा रागावला नाहीत. पाच हजार वर टाका आणि ‘गॅसलेस मिग’ घेऊन जा म्हणालात. गॅसलेस वायरला टॉर्च मायनसला जोडावी लागते. तुम्ही दाखवलेल्या मशीनमध्ये ती आतून प्लसलाच पक्की केलेली होती. हे विचारलं तेव्हा मात्र तुम्हाला फोन आला. गॅरंटी कार्डावर शिक्का नव्हता, तेही त्याच फोनमध्ये राहून गेलं.

शेवटी रस्त्यापलीकडच्या डेंटिंगवाल्यानं पाच मिनिटांत जे सांगितलं, ते तुम्ही चहा पाजताना सांगू शकला असतात. पातळ पत्र्याला सीओटू गॅसवर चालणारं मशीन. किती वर जातं हे नको विचारू, किती खाली येतं ते विचार. तीस-चाळीस अँपिअरला शांत चालायला हवं. वायर ०.८ ची, मिळाली तर ०.६ ची. गंज पार चकचकीत होईपर्यंत घास. बॅटरी सोडव. सलग रेघ ओढू नको. इथे एक टाका, तिथे एक टाका, पत्रा गार होऊ दे. भोक पडायची भीती असेल तिथे मागून तांब्याची पट्टी धर. मी त्याच्याच शेडमध्ये तीन रविवार शिकलो, आणि मग लहान सीओटू मशीन घेतलं. ते महाग पडलं, हे खरं. पण तुम्हाला दिलेले सात हजार दोनशे त्यात मिळवले असते, तर सिलिंडरचं डिपॉझिट सहज निघालं असतं.

माझे पैसे परत मागायला हे पत्र लिहिलेलं नाही, शेठ. तुमच्या दुकानात उद्या कुणी पोरगा येईल, आजोबांची जीप किंवा बापाची स्कूटर दुरुस्त करायला. त्याला चहा नाही दिलात तरी चालेल. त्याला विचारा, पत्रा किती जाडीचा आणि घरात प्लग कुठला. मशीनवर अँपिअरसकट ड्युटी सायकल लिहिलेली नसेल, तर ते विकू नका. आणि दहा नंबरच्या काचेशिवाय त्याला दुकानाबाहेर जाऊ देऊ नका, मी हात जोडून सांगतो.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांना एवढंच सांगणं, की मशीन घ्यायला जाताना आपल्या गाडीच्या जाडीच्या पत्र्याचे दोन तुकडे खिशात घेऊन जा. ते दुकानात, तुमच्यासमोर जोडून मागा. दुकानदार नाही म्हणाला, तर स्टुलावरून उठा.

पद्मिनीचा पत्रा गेल्या महिन्यात बसला. परवाच्या पावसात पायाखाली थेंबभर पाणी आलं नाही. त्या पत्र्याला तुमच्या मशीनचा एकही टाका नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मास्तर