बंदूक सोडून सगळ्यावर बहिष्कार

विमानप्रवासाच्या इतिहासातली सर्वांत महाग तिकिटं कोणती, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे: डेल्टा एअरलाइन्सची १३ तिकिटं. आणि तीही सवलतीच्या दरातली.

गोष्ट २०१८ची. १४ फेब्रुवारीला फ्लोरिडातल्या पार्कलंड गावी, मार्जरी स्टोनमन डग्लस शाळेत गोळीबार झाला आणि १७ जणांचा जीव गेला. मुलं आठवडाभर रडतील, मेणबत्त्या लावतील आणि मग मुकाट्यानं परीक्षेला बसतील, असा मोठ्यांचा नेहमीचा हिशेब. या मुलांनी तो चुकवला. त्यांनी विचारायला सुरुवात केली, की बंदूकवाल्यांच्या संघटनेशी, म्हणजे नॅशनल रायफल असोसिएशनशी, कोणाकोणाची सोयरीक आहे? यादी निघाली. तीत भाड्याच्या मोटारीवाले होते, विमावाले होते, घरसामान हलवणारे ट्रकवाले होते, संगणकाला व्हायरसपासून वाचवणारेही होते. एनआरएचं कार्ड दाखवा, थोडी सूट मिळवा, एवढाच संबंध. लोकांनी डोळे वटारले आणि थोड्याच दिवसांत हर्ट्झ, एव्हिस, मेटलाइफ, सिमँटेक अशी मंडळी एकामागून एक लग्नमांडवातून मागच्या दारानं सटकली.

डेल्टाही सटकली. तिची सवलत एनआरएच्या वार्षिक अधिवेशनाला जाणाऱ्या सभासदांसाठी होती आणि तिच्यावर तोवर विकली गेलेली तिकिटं होती एकूण १३. पण डेल्टाचं घर अटलांटात. जॉर्जियाचे नायब राज्यपाल केसी केगल तेव्हा राज्यपालपदासाठी गुडघ्याला बाशिंग बांधून बसले होते. त्यांनी जाहीर केलं, की एनआरएशी पुन्हा गोडीगुलाबीनं वागा, नाहीतर विमानाच्या इंधनावरची करमाफी विसरा. विधिमंडळानं ती करविधेयकातून खरोखर काढून टाकली. माफी वर्षाला सुमारे ४ कोटी डॉलरची होती. भागाकार करून पाहा, एकेक तिकीट तीस लाख डॉलरला पडलं. आमची मूल्यं विक्रीला नाहीत, असं डेल्टाच्या प्रमुखांनी बाणेदारपणे सांगितलं. त्याच उन्हाळ्यात केगलसाहेब पक्षांतर्गत लढतीत हरले आणि राज्यपाल नेथन डील यांनी त्या कराची वसुलीच थांबवली. म्हणजे डेल्टाची मूल्यंही राहिली आणि पैसेही राहिले. असा योग शंभर वर्षांत एखाद्याच्याच पत्रिकेत असतो.

आता दुसरी बाजू गप्प कशी बसेल? सहलीला बर्फ आणि बिअर नेण्याच्या दणकट पेट्या बनवणारी 'येती' नावाची कंपनी आहे. एकेक पेटी तीन-चारशे डॉलरची. या कंपनीनं जुनी सवलत योजना बंद केली. तिच्या म्हणण्याप्रमाणे ती काही एकट्या एनआरएची नव्हती. पण एनआरएनं सभासदांना पत्र धाडलं, की बघा, यांनी आपल्याला वाऱ्यावर सोडलं. झालं. लोकांनी आपापल्या घरातल्या, स्वतःच्या पैशानं घेतलेल्या पेट्या मैदानात नेल्या, गोळ्या घालून किंवा स्फोटकं लावून उडवल्या आणि त्याची चित्रफीत जगाला दाखवली. कंपनीच्या खजिन्यात त्या पेट्यांचे पैसे केव्हाच जमा झाले होते. शत्रूचं नुकसान करण्यासाठी स्वतःच्या मालावर स्वतःचीच काडतुसं खर्च करायची, हा पराक्रम मला मनापासून आवडला.

बहिष्कार आपल्यालाही नवा नाही. १९०५ साली पुण्यात विलायती कपड्यांची होळी पेटली. पण तिच्यात विलायती कपडेच होते. ते स्टेशनवरून पेठेत आणणाऱ्या टांगेवाल्याला कोणी जाब विचारला नाही. अमेरिकेत मात्र टांगेवाला, टांग्याचं चाक बनवणारा आणि घोड्याला दाणा घालणारा, सगळ्यांवर बहिष्कार पडून गेला. २०१२ साली व्हॅलेंटाइनच्या दिवशी बंदूकविरोधकांनी स्टारबक्सची कॉफी सोडली, कारण तिथे कमरेला पिस्तूल लावून येणाऱ्यांना मज्जाव नव्हता. तर बंदूकप्रेमींनी त्याच दिवशी मुद्दाम जाऊन कॉफी प्यायली आणि पैसे दोन डॉलरच्या नोटांनी दिले. दोनच का? कारण शस्त्र बाळगण्याचा हक्क राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीत आहे! पुढच्या वर्षी स्टारबक्सनं गिऱ्हाइकांना विनंती केली, की कृपया बंदुका घेऊन येऊ नका. बंदी नव्हे हं, विनंती. शस्त्रधारी माणसाला कॉफीवाल्या पोरानं अडवायचं म्हणजे कोणी, कसं अडवायचं, हाही प्रश्न होताच.

ज्यानं खरोखर बंदुकीच्याच धंद्याला हात घातला असा एक दुकानदार मात्र निघाला. डिक्स स्पोर्टिंग गुड्सचे प्रमुख एड स्टॅक. पार्कलंडच्या मारेकऱ्यानं आपल्या दुकानातूनही एक बंदूक घेतली होती (गोळीबारातली ती नव्हे, दुसरी), हे कळल्यावर त्यांनी लष्करी धाटणीच्या रायफली विकणं थांबवलं. उरलेला सुमारे ५० लाख डॉलरचा माल परत न पाठवता भंगारात काढून मोडला. या सगळ्यात २५ कोटींच्या आसपास डॉलरची विक्री बुडाली, असं त्यांनीच नंतर सांगितलं. बक्षीस म्हणून बंदूक उद्योगाच्या व्यापारी संघटनेनं त्यांच्या कंपनीला सभासदत्वावरून काढलं.

पण बहिष्कार कसा घालावा हे शिकायचं असेल तर शिकवणी एनआरएकडेच लावावी लागेल. मार्च २००० मध्ये स्मिथ अँड वेसन या जुन्या पिस्तूल कंपनीनं क्लिंटन सरकारशी करार केला, की पिस्तुलाला कुलूप देऊ, विक्रीवर थोडी बंधनं पाळू. एनआरएनं तिला गद्दार ठरवलं, त्यात मालक ब्रिटिश, म्हणजे आगीत तेल. या मंडळींनी ट्रकवाला शोधला नाही की कॉफीवाला. त्यांनी पिस्तूल घेणंच बंद केलं. विक्री कोसळली, कामगारांना घरी बसावं लागलं. ज्या टॉमकिन्स कंपनीनं १९८७ साली हा धंदा ११ कोटींहून जास्त डॉलरला घेतला होता, तिनं २००१ मध्ये रोख दीड कोटी आणि डोक्यावरचं कर्ज यांवर तो फुंकून टाकला. त्यानंतर सरकारशी असा करार करण्याची भाषा कोणत्या कारखान्यात मोठ्यानं बोलली गेली असेल, असं वाटत नाही.

बंदूकविरोधकांना हे जमत नाही, याचं कारण साधं आहे. जो मुळात बंदूक घेतच नाही, त्यानं बंदूक घेणं बंद कसं करावं? मग तो बिचारा आपल्या हातात असलेलं काहीतरी सोडतो: विमान, कॉफी, वाणसामान. २०१८च्या मे महिन्यात फ्लोरिडातल्या मुलांनी पब्लिक्स या किराणा दुकानांत जमिनीवर मेल्यासारखं पडून निषेध केला, कारण कंपनी एनआरएच्या लाडक्या उमेदवाराला देणग्या देत होती. कंपनीनं देणग्या थांबवल्या. म्हणजे बटाटे विकणाऱ्यानं जे करून दाखवलं, ते संसदेला जमलं नाही. संसदेनं २००५ साली कायदा केला होता तो बंदुकीनं मेलेल्यांच्या नातेवाइकांपासून बंदूक बनवणाऱ्यांना वाचवण्यासाठी. उत्पादकांवरचे बहुतेक दावे त्यानं अडवले. माणसांपेक्षा बंदुका जास्त असलेला हा देश. २०१८च्या एका अंदाजाप्रमाणे दर १०० माणसांमागे १२० बंदुका. (आपल्याकडून तात्पुरत्या व्हिसावर गेलेल्या संगणकवाल्यांनी हिरमुसू नये. तुम्हाला एरवी मनाई आहे, पण शिकारीचा परवाना काढलात तर बंदूक विकत घेता येते. सशाचं काय व्हायचं ते होवो.)

सरकार हलत नाही म्हटल्यावर शाळांनी आपापली शक्कल लढवली. पेन्सिल्व्हेनियातल्या एका शाळा प्रशासनानं वर्गावर्गात नदीतल्या गोट्यांनी भरलेली बादली ठेवली. बंदूकधारी आलाच, तर मुलांनी दगड मारायचे. अश्मयुगावर कोणाचा बहिष्कार नाही, हे एक बरं.

बंदुकीपासून रक्षण कसं करावं, हे एनआरएला मात्र नीट माहीत आहे. २४ मे २०२२ला टेक्सासमधल्या युवाल्डीत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. तीनच दिवसांनी त्याच राज्यात, ह्यूस्टनला, एनआरएचं अधिवेशन भरलं. ट्रम्प भाषणाला येणार होते. त्या सभागृहात बंदूक न्यायला सुरक्षा दलानं बंदी घातली आणि बंदूकधाऱ्यांनी ती निमूटपणे पाळली. घटनेची दुसरी दुरुस्ती दोन तास बाहेर उभी होती. चार भिंतींच्या आत कोणालाही गोळी लागली नाही.

एवढे बहिष्कार पचवलेली ही संघटना अखेर जेरीला आली ती शिंप्यापायी. तिचे सर्वेसर्वा वेन लापिएर यांनी बेव्हर्ली हिल्समधल्या झेन्या दुकानातून पावणेतीन लाख डॉलरचे कपडे संघटनेच्या जाहिरात संस्थेच्या खात्यातून घेतल्याचं बाहेर आलं. मग खासगी विमानं निघाली, बहामाच्या सहली निघाल्या. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनी २०२० साली दावा ठोकला. आमची सांपत्तिक स्थिती उत्तम आहे, असं सांगत संघटनेनं टेक्सासात दिवाळखोरीचा अर्ज केला. हेतू प्रामाणिक नाही म्हणून न्यायाधीशांनी तो फेटाळला. जानेवारी २०२४ मध्ये लापिएर पायउतार झाले. पुढच्याच महिन्यात ज्यूरीनं निकाल दिला, की त्यांनी ४३ लाख ५० हजार डॉलर भरून द्यावेत.

ते द्यायचे आहेत एनआरएला.