जाळीवरचे अण्णा

चहात साखर कमी पडली तरी अण्णा उठून डबा शोधणार नाहीत. स्वयंपाकघर त्यांना पाव्हण्यासारखं ओळखतं. पण उघड्यावर विस्तव पेटलेला दिसला की याच गृहस्थांच्या अंगात आचारी संचारतो. असा एक प्रत्येक गावात असतो. वळसंगातला आमच्या वाट्याला आलाय.

बेत ठरतो, वार ठरत नाही. सोमवार सिद्धेश्वराचा, गुरुवार अक्कलकोटच्या स्वामींचा, शनिवार मारुतीचा. मध्येच एकादशी, नाहीतर संकष्टी. शेवटी रविवार सापडतो. गल्लीत निम्मे शेजारी न खाणारे, म्हणून जाळी मळ्यात मांडायची, तीही वाऱ्याची दिशा बघून.

बेत म्हणजे डाळिंबाच्या तिखटगोड पाकातलं ग्रिल चिकन. कल्पना मोबाइलवरची, डाळिंबं मळ्यातली, व्यापाऱ्यानं बाजूला काढलेली तडकलेली भगवा. "आपल्या डाळिंबाला २०१६ साली जीआय मिळालंय. केगावला राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. आणि तुम्ही नुसते दाणे खात बसलाय?" हे अण्णा अशा आवाजात विचारतात, की मानांकनाचा कागद यांच्याच कपाटात असावा.

पाक अर्थात काकू करतात. अर्धा लिटर रस वाटीभर होईपर्यंत आटवायचा, त्यात गूळ, ठेचलेला लसूण, घरचं काळं तिखट, उतरवताना लिंबू. चमच्याच्या पाठीला चिकटून राहिला की झाला. पुतण्या विटा लावतो, बाभळीचा कोळसा फुलवतो, मीठ-हळद लावून मुरवलेले तंगडीचे तुकडे जाळीवर मांडतो. मग अण्णा टॉवेल खांद्यावर टाकून येतात आणि चिमटा हातात घेतात. चिमटा आला की व्याख्यान आलंच.

"पाक आधी लावायचा नाही. का? यातली फळसाखर ११० अंशांच्या आसपासच रंग बदलायला लागते. विस्तव त्याच्या कितीतरी पुढं. कोंबडी आत ७४ अंशांवर गेली की मग ब्रश. दोन हात मारायचे, उलटायचं, लगेच बाजूच्या मंद आचेवर..."

"अण्णा, जळायलंय की!"

"थांब बे, आधी समजून घे."

यातला शब्दन् शब्द खरा. फक्त तो सांगून होईपर्यंत जाळीवरच्या तुकड्यांना कोळशाची कळा आलेली असते. अण्णा डगमगत नाहीत. "याला स्मोकी म्हणतात," असं जाहीर करून ते काळं ताट पाव्हण्यांपुढं सरकवतात. पाव्हणे समजूतदार, ते कडक भाकरी आणि शेंगाचटणीकडं हात वळवतात.

पुतण्यानं मात्र चार तुकडे आधीच जाळीच्या कडेला, कमी आचेवर ओढून ठेवलेले असतात. अण्णा साखरेचं रसायनशास्त्र सांगत असताना तो गुपचूप पाक लावतो, उलटतो, पुन्हा लावतो. लालबुंद, चकचकीत, बोटाला चिकटणारे. पहिला घास गोड, मग आंबूस, आणि गिळल्यावर काळं तिखट कान गरम करतं. त्यातला मोठा तुकडा अण्णा उचलतात, डोळे मिटून चावतात आणि पुतण्याकडं बोट दाखवून सगळ्यांना बजावतात, "बघा! माझं नीट ऐकलं की असं होतंय."