पन्नास हजारांची कणी

१९७६ साली सायगॉनचं नाव हो चि मिन्ह सिटी झालं, पण गल्लीबोळांत अजून सायगॉनच चालतं. तिथली सकाळ कोळशाच्या शेगडीवर होते. फुटपाथवर मालकीणबाई डुकराच्या चापा जाळीवर टाकतात आणि टेबलफॅन असा लावतात, की सगळा धूर रस्त्यावर. निराळी जाहिरात लागत नाही. स्कूटरवाले हेल्मेटसकट आत वळतात.

आमचे मेहुणे आजऱ्याचे, घरची भाताची गिरणी. कोम ताम म्हणजे कणीचा भात, हे कळल्यावर ते फुटपाथवरच थांबले.

"दाजी, कणी आमच्याकडं कोंबड्या खातात!"

इथंही वेगळं नव्हतं. गिरणीत मोडलेला दाणा विकला जात नसे, म्हणून मेकाँगच्या खोऱ्यातले गरीब तो शिजवून खात. पुढे शहराला चटक लागली. आता ताटाचे ५०,००० डोंग, म्हणजे आपले दीडशे-पावणेदोनशे रुपये. मेहुण्यांनी पन्नास हजार एवढंच ऐकलं आणि बालवाडीतून उचलून आणल्यासारख्या प्लास्टिकच्या स्टुलावर ते धप्पकन बसले. गुडघे कानाशी आले.

ताट आलं. सोबत काटा-चमचा. चॉपस्टिक नाहीतच! विमानात दोन पेन्सिलींवर केलेला सराव फुकट गेला. भातावर गवती चहा, लसूण, साखर लावून भाजलेली चाप. कडेला अंडं, खिमा आणि शेवया घालून वाफवलेली वडी. वर गरम तेलात परतलेली कांद्याची पात, शिवाय गाजर-मुळ्याचं आंबटगोड लोणचं. डुकराच्या कातडीचे भाजक्या तांदळाच्या पिठात घोळलेले धागेही होते. ते मात्र मला चघळूनही पटले नाहीत. पण वाटीतलं माशाचं गोडसर पाणी वर ओतलं, की आख्खा दाणा ते ओघळू देतो आणि कणी पिऊन टाकते. सगळी गंमत तिथं आहे. मेहुणे मान खाली घालून जेवले. मग त्यांनी एक शीत बोटावर घेऊन उजेडात धरलं आणि म्हणाले, "चाळणी बारीक लावलीय."

सायगॉनला गेलात तर हॉटेलातला फुकटचा नाश्ता सोडा आणि धुराच्या दिशेनं चाला. शाकाहारी मंडळींनी मात्र जपून, कारण कांद्याची पातसुद्धा कधीकधी चरबीत परतलेली असते. आणि टेबलावरचा पुडीतला ओला रुमाल उगाच फोडू नका. बहुतेक ठिकाणी तो बिलात लागतो.